पाच दाणे आणि एक अंडं

बुधवारी रात्री साडेदहा वाजता मी बाथटबात गार पाणी सोडलं, थँक्सगिव्हिंगसाठी आणलेली 14 पौंडांची टर्की, म्हणजे कोंबडीसारखाच पण बराच मोठा पक्षी, वेष्टणासकट त्यात बुडवली आणि टबाच्या काठावर बसले. दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं होतं. आई दात घासायला आली ती दारातच थबकली.

"आंघोळ कुणाची चाललीय?"

"टर्कीची."

"मग गरम पाणी तरी घाल बाई. नोव्हेंबर आहे."

गरम पाणी चालत नाही. वरचं मांस कोमट होऊन नासायला लागतं आणि आतला बर्फ तसाच राहतो. आईला हे समजावून सांगेपर्यंत पहिला अर्धा तास गेला. चूक माझीच होती. गोठवलेली टर्की फ्रीजमध्ये ठेवली की दर 4-5 पौंडांना एक दिवस लागतो, हे मला पाठ होतं. म्हणजे रविवारीच काढून ठेवायला हवी होती. पण फ्रीजमध्ये आईच्या मेथीच्या जुड्या आणि दोन मोठे लाल भोपळे ऐसपैस बसलेले. टर्कीला जागा मिळाली ती मंगळवारी. बुधवारी रात्री पोटात हात घालून पाहिला तर आत नुसता दगड. गार पाण्यात पौंडाला अर्धा तास असा हिशेब असतो. निम्मीअधिक सुटली होती म्हणून रात्री दोनपर्यंत आटपलं, नाहीतर पहाट झाली असती.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरजवळ राहतो. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा, आभार मानायचा अमेरिकन सण. त्याचं जेवण घरी करायची ही माझी पहिलीच वेळ. त्याआधी सहा वर्षं आम्ही पलीकडच्या आजींकडे जात असू. या आजी आमच्याच चर्चच्या, वय ऐंशीच्या घरात, मूळच्या कॅन्ससच्या शेतातल्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी टेकत त्या आमच्या दारात आल्या आणि तीन वस्तू माझ्या हातात ठेवल्या: टर्की भाजायची मोठी जड परात, पाठपोट लिहिलेलं एक कार्ड आणि मक्याच्या वाळलेल्या दाण्यांची काचेची बरणी. "यंदा तुझ्याकडे," म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

बरणीचं काम आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्याकडे जेवायला बसलं की प्रत्येकाच्या रिकाम्या ताटात पाच दाणे असत. अन्न मागाहून यायचं. एक टोपली फिरायची. टोपली आपल्यापाशी आली की एक दाणा त्यात टाकायचा आणि देवाचा कुठला उपकार आठवतो ते मोठ्याने सांगायचं. असे पाच फेरे. सगळे दाणे टोपलीत पडले की प्रार्थना, आणि मग झाकणं उघडायची. पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याने तिसऱ्या फेऱ्याला माझ्या कानात विचारलं होतं, "गार नाही का होणार सगळं?" होतंच. आजींकडचं जेवण कायम कोमट असायचं.

या दाण्यांमागची गोष्ट अशी. मेफ्लॉवर जहाजातून 1620 साली इंग्लंडहून 102 माणसं इकडे आली आणि प्लिमथला वसली, त्यातली जवळजवळ निम्मी पहिल्याच हिवाळ्यात गेली. पुढे 1623 च्या उन्हाळ्यात धान्य इतकं संपलं की माणशी दिवसाला मक्याचे पाच दाणे वाट्याला यायचे. पाच दाण्यांचा हा आकडा त्या काळच्या लिखाणात कुठे सापडत नाही. पण 1820 साली, वसाहतीला दोनशे वर्षं झाली तेव्हाच्या प्लिमथमधल्या जेवणात प्रत्येक ताटाशी पाच दाणे ठेवले होते, आणि पुढे ती चाल घराघरांत गेली. त्या उन्हाळ्याचा दुष्काळ मात्र खरा. मेपासून जुलैच्या मध्यापर्यंत थेंब नाही, मका करपायला लागलेला. मग त्यांनी एक दिवस उपास धरला आणि आठ-नऊ तास प्रार्थना केली. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि दुसऱ्या दिवसापासून संथ पाऊस लागला. त्यानंतर त्यांनी जो दिवस पाळला, त्याला त्यांच्या भाषेत खरोखरचं थँक्सगिव्हिंग म्हणता येतं. ज्याची चित्रं शाळेत लावतात ते 1621 चं तीन दिवसांचं जेवण म्हणजे सुगीची मेजवानी होती.

हे मी आईला स्वयंपाकघरात सांगत होते. ती सप्टेंबरात नगरहून आली होती, सहा महिन्यांसाठी. लाल भोपळा किसता किसता ऐकत होती.

"आठ तास?" म्हणाली. "आपले पाळकसाहेब दोन तासांत उरकायचे."

"पण पाऊस आला ना."

"बहात्तरला आम्हीही उपास धरलेले. नाही आला." आणि किसणी उलटी करून तिने ताटावर आपटली.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. आईचं माहेर पारनेर तालुक्यात. थँक्सगिव्हिंग आम्हाला परकं वाटलं नाही, त्याचं कारण तिथे आहे. प्लिमथच्या या मंडळींचा जो पंथ पुढे न्यू इंग्लंडभर पसरला, त्याच काँग्रिगेशनल पंथाचे मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. म्हणजे माझ्या खापरपणजोबांना ज्यांनी प्रार्थना शिकवली, त्यांच्या गावाकडे मी राहायला आले. कागदावर 'उपकारस्तुती' लिहितात, बोलताना सगळे 'हार्वेस्ट' म्हणतात, असा एक रविवार आमच्या देवळातही असतो. पीक हाती आलं की ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन यायचं. बाजरीची कणसं, कांद्याची माळ, भोपळे, उसाची मोळी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. सगळं पुढे वेदीपाशी मांडायचं. उपदेश ऐन रंगात आला की कोंबडा आरवतो आणि पोरं खिदळतात. उपासना संपली की अंगणात लिलाव. लहानपणी मला हार्वेस्टचा अर्थ लिलाव एवढाच माहीत होता. एकच भोपळा तीनदा विकला जायचा, कारण घेणारा पैसे भरून तो परत देवाला द्यायचा आणि पुन्हा बोली सुरू.

हे आजींना मी सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी त्यांची रीत, आपण पाहुणे. आता परात माझ्याकडे आली होती.

ठरवाठरवीला बसलो तेव्हा पहिली हरकत लेकीने घेतली. ती आठवीत. "मी ते दाणे ठेवणार नाही," म्हणाली. शाळेत त्यांना शिकवलं होतं की मेफ्लॉवरची माणसं आल्या आल्या, 1620 च्या नोव्हेंबरात, केप कॉडच्या किनाऱ्यावर वाळूत पुरून ठेवलेला मका त्यांना सापडला. तिथल्या मूळ रहिवासी नॉसेट लोकांचं बी-बियाणं. यांनी उकरून नेलं आणि देवाने दिलं म्हणून आभारही मानले. "चोरून आणलेल्या मक्याचे कसले आभार?"

आई म्हणाली, "पेव होतं का ते?"

पेव म्हणजे काय ते लेकीला सांगावं लागलं. जमिनीत खड्डा, आतून शेणामातीने लिंपलेला, धान्य भरून तोंड बंद करायचं. आईच्या आजोळच्या वाड्यात होतं. "दुसऱ्याचं पेव उकरणं म्हणजे..." एवढंच म्हणून आई थांबली. तिच्या लेखी ते वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

पुढे सहाएक महिन्यांनी त्यांनी त्या मक्याची भरपाई केली, हेही नोंदलेलं आहे. लेकीचं त्यावर म्हणणं, "नंतर दिलं म्हणून आधी घेतलेलं चालतं का?" प्लिमथला 1970 पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात, हेही तिने ऐकवलं. मी तिला पटवायच्या भानगडीत पडले नाही. म्हटलं, पहिला दाणा टाकताना हेच सांग. आजींसमोर. ती जरा बिचकली, पण तयार झाली.

दुसरी गोष्ट उपासाची. हे मला वाचनात सापडलं आणि आवडलं. जुन्या न्यू इंग्लंडात उपकारस्तुतीच्या दिवसाला जोडीदार होता. वसंतात सरकारी फर्मानाने उपासाचा दिवस आणि शरदात आभाराचा. मॅसॅच्युसेट्सने उपासाचा दिवस 1894 साली रद्द केला, मेजवानी तेवढी उरली. माणसाचा स्वभाव! मी ठरवलं की बुधवारी रात्री घरात फक्त बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाणी. खरं सांगायचं तर त्यात भक्ती निम्मी आणि शेगडी रिकामी नसणं निम्मं. मुलाने, तो चौथीत, ठेच्याला हात न लावता दीड भाकरी खाल्ली आणि झोपताना "भूक लागलीय" म्हणून दोनदा सांगून गेला. मला वाईट वाटलं, तरी दूध दिलं नाही. आईने दिलं. मी टबापाशी होते, मला कळलं नाही असं ती समजते.

स्वयंपाकाचं सगळं सांगत बसत नाही. आजींच्या कार्डावर होतं ते बहुतेक केलं. लोणी-दुधातले कुस्करलेले बटाटे, शेंगा, शिळ्या पावाच्या तुकड्यांत कांदा, सेलरी आणि सेज घालून भाजलेलं स्टफिंग. ते आईने चाखलं आणि निकाल दिला, "पावाचा उपमा आहे, मोहरी विसरलीस." क्रॅनबेरीवर मात्र तिने सरळ कब्जा केला. आमच्या राज्याच्या दक्षिणेला, प्लिमथच्या आसपास, दलदलीत या बेरीचे मळे आहेत. ऑक्टोबरात मळ्यात पाणी भरतात आणि लाल फळं वर तरंगून येतात. आम्ही मुद्दाम जाऊन बघून आलो होतो. कच्ची तोंडात टाकली की डोळे मिटतात, करवंदापेक्षा आंबट. कार्डावर साखर आणि संत्र्याचा रस लिहिला होता. आईने तेलात मोहरी, मेथीचे दाणे, हिंग, हळद टाकली, त्यात बेरी ओतल्या. फट् फट् करून त्या फुटायला लागल्यावर गूळ आणि तिखट. मेथांबाच तो, कैरीऐवजी क्रॅनबेरीचा. भोपळ्याचे घारगे तळले. पाय (pie), म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, आजी आणणार होत्या, दुकानातून नाही, खुब्यासकट उभं राहून स्वतः करून.

गुरुवारी सकाळी टर्कीच्या पोटातून कागदाची पिशवी काढली. मान, काळीज, कलेजी. हे काढायचं विसरले म्हणून कागदासकट भाजलेल्या टर्कींच्या कथा मी ऐकल्या होत्या, ती चूक तरी टळली. आई म्हणाली, "हळद?" मी म्हटलं नाही. "आलं-लसूण?" नाही. "अगं मग हिला लावणार काय?" लोणी, मीठ, मिरी, थाईम. एवढ्या मोठ्या पाखराला एवढीशी सामग्री बघून तिला त्याची कणव आली असावी. शेवटी तह झाला: एक तंगडी तिची. तिने ती कातडीखालून आलं-लसूण-मिरचीने भरली आणि ओळखायला दोरा बांधला. 325 अंश फॅरनहाइट, साडेतीन तास. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून 165 आकडा दिसला की झालं. आमचा 150 वर जो अडकला तो अर्धा तास हलेना. पाहुणे येऊन बसले. वूस्टरला शिकणारी दोन मराठी मुलं, एक सांगलीचा, एक लातूरची, श्रीखंडाचा डबा घेऊन आली होती. आम्ही पाच आणि आजी. आठ माणसं.

फजिती झाली ती ग्रेव्हीची. परातीत उतरलेला रस आणि तूप गाळून त्यात मैदा लावायचा असतो. मी घाईत मैदा थेट गरम रसात टाकला. गुठळ्या. ढवळावं तितक्या वाढल्या. आईने मला बाजूला सरकवलं, रस गाळून घेतला आणि आपल्या बॅगेतून येसूर काढला. भाजलेलं धान्य आणि मसाले एकत्र दळलेलं आमच्याकडचं पीठ, मटणाच्या रश्शाला दाटपणा आणायला घालतात. दोन चमचे गार पाण्यात कालवून तिने ते रसात सोडलं. रंग गडद तपकिरी झाला आणि घरभर जो वास सुटला, तो मॅसॅच्युसेट्सचा नक्कीच नव्हता. आजी बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "काय आहे ते?" मी म्हटलं, "ग्रेव्ही."

ताटं मांडली. पांढऱ्या ताटात पाच पिवळे दाणे किती उघडे दिसतात ते यजमान झाल्यावर कळतं. पाहुणं असताना मी ताटाकडे बघायचे, आता माणसांकडे बघत होते. लातूरच्या मुलीला वाटलं ही चव बघायची आहे. तिने एक दाणा दाढेखाली धरला आणि घाबरून परत काढला.

आधी वाचन. आजींकडे दर वर्षी शंभरावं स्तोत्र असायचं. आई म्हणाली, हार्वेस्टला आम्ही बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 26वा अध्याय वाचतो, तेच वाचू. तिने मराठीत वाचलं, आजींनी आपल्या शास्त्रात बोट ठेवून इंग्रजीत बघितलं. पहिल्या पिकाची टोपली घेऊन जायचं आणि याजकापुढे ठेवून आधी आपली हकिगत सांगायची: माझा बाप भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आम्हाला गांजलं, मग आम्हाला सोडवून ही जमीन दिली, आणि आता हे बघ पीक. लहानपणी मला हे लांबण वाटायचं. टोपली ठेवा आणि लिलाव सुरू करा की. त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं की तिथे 'आभार' असं कुणी म्हणतच नाही. कुठून आलो तेवढं सांगतात.

पहिला फेरा. लेकीने दाणा टाकला आणि नॉसेट लोकांचं पेव सांगितलं. शब्द 'पेव' असाच वापरला, इंग्रजी वाक्यात. आजी शांतपणे ऐकून म्हणाल्या, "माझ्या टेबलावर हे यायला हवं होतं." बास, तेवढंच. मुलाने पहिल्या फेऱ्यात टर्कीचे, दुसऱ्यात वायफायचे आणि तिसऱ्यात रात्रीच्या दुधाचे आभार मानले. मी आईकडे पाहिलं, आई दाण्यांकडे बघत होती. सांगलीच्या मुलाला काय बोलावं कळेना, त्याने घरी जेवणाआधी म्हणतात तो श्लोक म्हटला. आईला तो शाळेपासून पाठ, तिने शेवटची ओळ त्याच्याबरोबर म्हटली.

आईचे दोन फेरे साधे गेले. नीट झालेला प्रवास. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांना जाऊन चार वर्षं झाली, ते. तिसऱ्या फेऱ्याला तिने दाणा बराच वेळ बोटांत धरला आणि म्हणाली, "मिलो."

मी विचारलं, "काय?"

"बहात्तरला रेशनवर यायची ती. लाल ज्वारी. अमेरिकेतून."

मग तिने सांगितलं आणि मी तुकड्यातुकड्याने इंग्रजीत सांगत गेले. ती चौदा वर्षांची होती. पारनेरला विहिरी तळाला गेलेल्या, गुरं विकलेली. ती आणि तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, दुपारी कामावर सुकडी मिळायची. घरी मिलोची भाकरी. थापताना चिरायची, तव्यावर मोडायची, गार झाली की वहाणेसारखी. कुबट वास यायचा. बाप रोज प्रार्थना केल्याशिवाय तुकडा मोडू द्यायचा नाही, आणि एके दिवशी हिने आमेन म्हटलं नाही. "त्या भाकरीला मी आमेन म्हणणार नाही," म्हणाली. बापाने मारलं नाही. भाकरी उचलून ठेवली आणि म्हणाला, भूक लागली की म्हण. रात्री उशिरा तिने अंधारात म्हटलं आणि खाल्ली. त्या वर्षीच्या हार्वेस्टला वेदीपुढे एक कोंबडी होती. ती पाळकसाहेबांचीच.

"रागात म्हटलेलं आमेन ते," आई म्हणाली. "आज नीट म्हणते." दाणा टोपलीत टाकला.

आजी म्हणाल्या, "मायलो?" त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला, त्यांच्या कॅन्ससच्या उच्चारात. आमच्या शेतात मायलोच असायचा, म्हणाल्या. मैलोन्‌मैल लाल कणसं. मग जे तोंडावर आलं होतं ते त्यांना थांबवता आलं नाही: "पण तो तर आम्ही गुरांना घालायचो." म्हणाल्या आणि हात तोंडावर गेला.

आईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आता हे भाषांतर मी करायचं होतं. मी म्हटलं, "त्यांच्याकडेही पिकायची म्हणतात."

"एवढंच नाही म्हणाल्या त्या," आई म्हणाली. "गुरांना घालायचे म्हणाल्या ना? त्यांना सांग, आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. रेशनच्या रांगेत सगळे तेच बोलायचे. तरी खाल्ली, आणि जगलो."

मी सांगितलं. आजी काठीशिवाय उठल्या, खुर्च्यांचा आधार घेत टेबलाला वळसा घालून आईपाशी आल्या आणि तिच्या शेजारी लेकीला उठवून स्वतः बसल्या. पुढचे दोन फेरे तिथूनच झाले. काय काय उपकार सांगितले गेले ते मला आता आठवत नाही. जेवण गार झालं एवढं आठवतं.

आईची दोरा बांधलेली तंगडी दहा मिनिटांत संपली. उरलेल्या टर्कीच्या छातीचं मांस चांगलंच कोरडं झालं होतं, हे मी लपवत नाही. माझ्या मते ते कुणाचंही कोरडंच होतं, लोक ग्रेव्हीच्या जोरावर खातात. आजींनी ग्रेव्ही तीनदा घेतली आणि येसूर कुठे मिळतो ते विचारलं. "मिळत नाही, करावा लागतो," असं आईने सांगायला लावलं. अर्धी पुडी तिने त्यांना बांधून दिली ती नंतर.

मेथांबा, घारगे आणि अर्धा पाय उरला तेव्हा आईने ताट चमच्याने वाजवलं. लिलाव. मला आधी सांगितलंही नव्हतं. नियम तिनेच मराठीत सांगितले, मी पुढे कळवले: पैसे चर्चच्या अन्नकोठारात जाणार, गरजूंना किराणा देतात तिथे. घेणाऱ्याने वाटलं तर वस्तू परत द्यायची, पुन्हा बोली. मेथांब्याची बरणी सांगलीच्या मुलाने 12 डॉलरला घेतली, परीक्षेच्या दिवसांत पोळीबरोबर होईल म्हणून. पाय आजींनीच स्वतःविरुद्ध बोली चढवत 25 वर नेला. "एक वार... दोन वार..." हे त्यांना इतकं आवडलं की प्रत्येक बोलीला आईबरोबर त्याही ओरडत होत्या, "डोन वार!"

शेवटी आईने फ्रीजमधून एक अंडं आणून टेबलावर ठेवलं. नगरला अंडं असतंच, त्याशिवाय लिलाव संपत नाही. नवऱ्याने 5 डॉलरला घेतलं आणि परत दिलं. लातूरच्या मुलीने 8 ला घेतलं, परत दिलं. मुलगा धावत जाऊन आपला गल्ला घेऊन आला, 11 डॉलर आणि काही नाणी. त्याला ते परत द्यायचं नव्हतं, बहिणीने दटावल्यावर दिलं. शेवटचे तीन वार आजींवर पडले, 40 डॉलरला. त्यांनी परत दिलं नाही. कागदी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातलं, आणि नवरा त्यांना बर्फावरून हात धरून घरी सोडायला गेला तेव्हा त्या एक हात खिशावर ठेवून चालत होत्या.

टोपलीतले चाळीस दाणे मी मोजून बरणीत परत भरले. एकोणचाळीस निघाले. पुढच्या वर्षापासून आम्ही फेरे तीन केले आहेत, बुधवारची भाकरी ठेवली आहे, आणि टर्की रविवारी काढते.

शुक्रवारी सकाळी आई टर्कीची हाडं येसूर घालून उकळत होती तेव्हा फोन वाजला. आजी. रात्रभर विचार करत होते, म्हणाल्या. ते अंडं फ्रीजमध्ये ठेवलं आहे. तुमच्या रीतीप्रमाणे ते जपून ठेवायचं असतं की खायचं असतं?

मी आईला विचारलं. आईने झाकण ठेवलं, पदराला हात पुसले.

"उकडून खा म्हणावं. मीठ-मिरी टाकून. आणि मोठं होतं, दहा मिनिटं लागतील."